मुंग्या, पट्टे आणि काळंपांढरं चित्र: जुना व्हीसीआर नव्या टीव्हीला जोडताना

गेल्या दिवाळीत डोंबिवलीला आत्याकडे गेलो तेव्हा तिने माळ्यावरून व्हीसीआर काढून पुसून ठेवलेला होता, आणि सोबत एक कॅसेट, तिच्यावर निळ्या बॉलपेनने "लग्न भाग १" असं लिहिलेलं. त्या लग्नात आजोबा चालताना बोलताना दिसतात, आमच्या घरात त्यांचं हलतं चित्र तेवढंच आहे. मशीन नव्या एलईडी टीव्हीला जोडलं, मंगलाष्टकं स्वच्छ ऐकू आली, पण चित्र काळंपांढरं, आणि आत्याच्या शालूवर रंगाच्या जागी बारीक ठिपक्यांची जाळी. आत्या म्हणाली, "कॅसेट गेली रे बाबा, एवढी वर्षं तशीच पडून होती." कॅसेटला काहीच झालं नव्हतं. टीव्हीच्या मेनूत एक सेटिंग चुकीचं होतं, ते बदलल्यावर शालू एकदम हिरवागार झाला.

तेव्हापासून नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच जणांना फोनवरून हेच सांगतोय म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतो. ज्यांनी आयुष्यात कधी व्हीसीआर हाताळला नाही त्यांच्यासाठी हे आहे, त्यामुळे जुन्या जाणकारांना काही गोष्टी फार सोप्या वाटतील, त्यांनी त्या सोडून पुढे जावं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. चित्र बिघडलं की दोष चारपैकी एका जागी असतो, टीव्ही, वायर, मशीन नाहीतर कॅसेट, आणि बिघडलेलं चित्र कसं दिसतंय यावरूनच कुठे बघायचं ते बऱ्यापैकी कळतं. सगळे जण सुरुवात कॅसेटपासून करतात आणि तिथेच घात होतो, कारण चारातली परत न मिळणारी वस्तू तेवढी एकच आहे. टीव्ही नवा मिळेल, वायर मिळेल, मशीनही जुन्या बाजारात मिळेल. म्हणून पहिले काही तास लग्नाची, बारशाची कॅसेट मशीनमध्ये घालायचीच नाही. घरात एखादी टाकाऊ कॅसेट असेल, जुना सिनेमा, कुठली तरी मॅच, तिच्यावर सगळे प्रयोग करा.

मशीन लावण्याआधी

कॅसेट हातात घेऊन खिडकीतून आतलं रीळ उजेडात बघा. काळं चकचकीत आणि कडेने एकसारखं दिसायला हवं. त्यावर पांढरट पावडर, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, मुंबईत आणि कोकणात पावसाळे काढलेल्या कॅसेटींना ती हमखास धरते. अशी कॅसेट मशीनमध्ये घालू नका, अगदी पाच मिनिटं बघतो म्हणूनसुद्धा नाही. मी स्वतः ही चूक केलेली आहे, मित्राच्या वडिलांची बुरशी आलेली कॅसेट घातली, दोन मिनिटांत चित्र गेलं, आणि नंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटलाही ती घाण लागली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. बुरशीवाली कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, ती साफ करून देणारे लोक आहेत, ते काम त्यांचंच.

दुसरं म्हणजे कॅसेटच्या पाठीवर, जिथे नावाचं लेबल असतं त्या कडेला, एका कोपऱ्यात छोटी प्लास्टिकची टिकली असते. ती स्क्रूड्रायव्हरने मोडून टाका. ती मोडली की मशीन त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग करूच शकत नाही, म्हणजे घाईत कोणी लाल बटण दाबलं तरी लग्न पुसलं जाणार नाही. हे काम दहा सेकंदांचं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे.

मशीन बरीच वर्षं बंद असेल तर आधी रिकामंच चालू करा. मागच्या पट्टीवर किती व्होल्टचं आहे ते वाचा, कारण अमेरिकेहून आणलेलं मशीन ११० किंवा १२० व्होल्टचं असतं आणि ते आपल्या २३० च्या प्लगमध्ये थेट घातलं तर जळतं, त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. डिस्प्लेवर ड्यू असं काही दिसलं तर आत दमटपणा आहे, पावसाळ्यात असं होतं. मशीन चालू ठेवून एकदोन तास थांबा, घाई केली तर ओल्या ड्रमला टेप चिकटते.

मग टाकाऊ कॅसेट घाला आणि चित्राकडे न बघता आधी कानाने ऐका. कॅसेट आत जाते, टेप ओढली जाते, मोटर एका लयीत फिरते, इथपर्यंत ठीक. करकर आवाज आला किंवा कॅसेट लगेच बाहेर आली तर आतला रबरी पट्टा सैल झालाय किंवा पार विरघळलाय, ते मेकॅनिकचं काम आहे. टेप आत गुंतली तर ओढू नका, प्लग काढा, वरचं झाकण उघडून हळूहळू सोडवा.

वायर, जिथे निम्मे लोक चुकतात

मशीनच्या मागे पिवळी आणि पांढरी भोकं असतात, स्टिरिओ असेल तर लालही, आणि त्यांचे दोन संच असतात, इन आणि आउट. टीव्हीला जाणारी वायर आउटमध्ये लावायची. हे वाचून हसू येईल पण मला येणाऱ्या फोनांमध्ये ही तक्रार सगळ्यात जास्त असते, वायर इनमध्ये असते आणि टीव्हीवर नो सिग्नल. पिवळा म्हणजे चित्र, पांढरा आणि लाल आवाज. आवाजाच्या भोकात पिवळा गेला तर टीव्हीतून घुर्र असा आवाज येतो आणि पडदा काळा, त्यावरून लगेच ओळखता येतं.

आता टीव्हीच्या बाजूला. इथे तीन प्रकार भेटतात.

जरा जुन्या एलसीडीला पिवळं-पांढरं-लाल अशी सरळ भोकं असतात, तिथे प्रश्नच नाही. दुसऱ्या प्रकारात पिवळं भोक नसतंच, हिरवं-निळं-लाल असतं आणि हिरव्याच्या कडेला पिवळं वर्तुळ किंवा एव्ही असं लिहिलेलं असतं. पिवळी पिन त्या हिरव्यात घालायची आणि मग टीव्हीच्या सोर्स मेनूत जाऊन कंपोनंट नाही तर एव्ही निवडायचं. आत्याकडे हेच झालं होतं, पिन बरोबर हिरव्यात होती पण टीव्ही कंपोनंटवर होता. त्या वेळी टीव्ही हिरव्या भोकातून फक्त उजेड-अंधाराची माहिती घेतो, रंगाची निळ्या-लालमधून येईल म्हणून वाट बघत बसतो, आणि पिवळ्या वायरमधला रंग मग त्या बारीक ठिपक्यांच्या जाळीसारखा दिसतो. काळंपांढरं चित्र अधिक जाळी दिसली की डोळे मिटून हे सेटिंग तपासा.

तिसऱ्या प्रकारात हेडफोनसारखं एकच छोटं ३.५ एमएमचं भोक असतं आणि टीव्हीसोबत आलेली शेपटीसारखी वायर लागते. ती वायर हरवलेली असते हे गृहीतच धरा. बाजारातून दुसरी आणली तर ती भोकात बसते पण चित्र येईलच असं नाही, कारण त्या पिनवर चार कडी असतात आणि कुठल्या कडीवर चित्र नि कुठल्यावर आवाज हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. आधी पिवळी आणि लाल पिन एकमेकींच्या जागी लावून बघा, पुष्कळदा तेवढ्याने काम होतं आणि त्याने काही जळत वगैरे नाही. तरीही नाही आलं तर तुमच्या टीव्हीच्या मॉडेलचीच वायर मागा.

आणि ज्या टीव्हीला फक्त एचडीएमआय आहे त्याला मध्ये एक छोटा डबा लागतो. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो, पण मागताना "एव्ही टू एचडीएमआय" असं स्पष्ट सांगा, कारण हुबेहूब तसाच दिसणारा उलटा डबा असतो, एचडीएमआय टू एव्ही, आणि तो इथे काडीचा उपयोगी नाही. डब्यावर बघा, इनपुटच्या बाजूला पिवळं-पांढरं-लाल असलं पाहिजे. त्याला स्वतःचा पाच व्होल्टचा सप्लाय लागतो, मोबाईलचा चार्जर चालतो, तो न लावता डबा खराब आहे म्हणून परत करणारे मी पाहिलेत.

एक पर्याय अँटेनाच्या वायरचाही आहे, मशीनच्या आरएफ आउटमधून टीव्हीच्या अँटेनात, आणि मग टीव्हीवर अॅनालॉग सर्च. १९८०-९० मध्ये सगळे असंच लावायचे. चालतं, पण चित्र थोडं मऊ येतं, शेजारच्या सिग्नलची तिरपी नक्षी मध्ये येते. टीव्हीला एव्ही असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

व्हीसीआरची वायर दुसऱ्या कशातूनही नेऊ नका हेही सांगून ठेवतो. टीव्हीला एकच एव्ही भोक आहे म्हणून काही जण डीव्हीडी प्लेअर व्हीसीआरच्या इनमध्ये लावतात आणि मग सिनेमा दर काही सेकंदांनी उजळ होतो, मंद होतो, परत उजळ होतो. तो बिघाड नाही, विकतच्या डिस्कवर कॉपी होऊ नये म्हणून घातलेला सिग्नल व्हीसीआरच्या आतल्या सर्किटला गोंधळात टाकतो. दोन्ही मशीनं वेगवेगळी थेट टीव्हीला लावा.

आता चित्र काय सांगतंय ते बघा

पडदा निळा आहे का? निळे दोन असतात. एक टीव्हीचा, त्यावर नो सिग्नल लिहिलेलं असतं, म्हणजे वायर किंवा सोर्स चुकलंय. दुसरा व्हीसीआरचा स्वतःचा, त्यावर प्लेचा बाण किंवा मशीनचं घड्याळ दिसतं, म्हणजे वायर ठीक आहे आणि मशीनला टेपवरून चित्रच मिळत नाहीये. हा फरक कळला की निम्मा शोध संपला. नवे टीव्ही आणखी एक करतात, सिग्नल जरा डगमगला की लगेच निळा किंवा काळा पडदा टाकतात, जिथे जुन्या डब्या टीव्हीने खराब का होईना पण चित्र दाखवलं असतं. मशीनच्या मेनूत ब्लू बॅक असा पर्याय असेल तर बंद करा, म्हणजे खरं काय येतंय ते दिसेल.

आवाज स्वच्छ आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या असतील तर हेड, म्हणजे टेपवर लिहिलेलं वाचणारा छोटा भाग, चोक झालंय. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. साध्या मशीनमध्ये आवाज टेपच्या कडेला सरळ रेषेत लिहिलेला असतो आणि तो वाचणारं हेड जागेवर स्थिर असतं. चित्र मात्र तिरप्या रेघांमध्ये लिहिलेलं असतं आणि ते वाचायला एक चकचकीत गोल ड्रम असतो, आपल्या पॅल पद्धतीत (भारतातली टीव्हीच्या चित्राची पद्धत, तिच्याबद्दल पुढे सांगतो) तो मिनिटाला १५०० वेळा फिरतो. त्याच्या कडेला समोरासमोर दोन इवलीशी हेड असतात, प्रत्येक हेड एका फेरीत एक तिरपी रेघ वाचतं, आणि ती रेघ साधारण ४९ मायक्रॉन रुंद असते, डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. तिथे टेपची थोडी पावडर अडकली की चित्र गेलं, आवाज मात्र चालूच. दोन्हीपैकी एकच हेड चोक असेल तर चित्र दिसतं पण त्यावर मुंग्यांचा एक थर सतत लुकलुकतो.

चित्र चांगलं आहे पण एक आडवा मुंग्यांचा पट्टा मध्येच बसलाय किंवा वरखाली सरकतोय, तर ते ट्रॅकिंग. हेड बरोबर रेघेवरून न जाता दोन रेघांच्या मध्ये पडतंय. ज्या मशीनवर रेकॉर्ड झालं आणि ज्यावर बघतोय ती दोन वेगळी असल्यामुळे हे होतं, आणि लग्नाच्या कॅसेटी तर व्हिडिओवाल्याच्या मशीनवर भरलेल्या असतात. मशीनवर किंवा रिमोटवर ट्रॅकिंगची दोन बटणं असतात, अधिक आणि वजा, जुन्यांवर गोल चकती असते. प्ले चालू असताना एक बटण थोडं थोडं दाबत जा, पट्टा खाली किंवा वर सरकत बाहेर जाईल, सावकाश करा. बऱ्याच मशीनवर दोन्ही बटणं एकदम दाबली की ते मधोमध परत येतं. ट्रॅकिंगला हात लावण्याआधी कॅसेट एकदा शेवटापर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे करून घ्या. वर्षानुवर्षं एकाच जागी पडलेली टेप काही ठिकाणी घट्ट, काही ठिकाणी सैल बसलेली असते, एका फेरीने ती मोकळी होते. (ही फेरीही आधी टाकाऊ कॅसेटवर, मशीनवर भरवसा बसला की मग महत्त्वाची.)

पट्टा काही केल्या वरच्या नाहीतर खालच्या कडेलाच चिकटून बसला आणि प्रत्येक कॅसेटला तसाच दिसला तर टेपच्या वाटेवरचे गाइड हललेत. ड्रमच्या दोन बाजूंना ते उभे खांब दिसतात आणि त्यांना स्क्रूही असतो, पण कृपा करून तो फिरवू नका. एकदा हलला की अंदाजाने परत जागेवर येत नाही.

पण अगदी तळाला, शेवटच्या काही रेघांत, एक बारीक थरथरती पट्टी दिसत असेल तर ती सोडून द्या. एका हेडवरून दुसऱ्यावर जाताना ती येतेच, सगळ्या कॅसेटींवर असते. जुन्या टीव्हीची काच चित्राच्या कडा झाकून टाकायची म्हणून आपल्याला ती कधी दिसली नाही, नवा टीव्ही कडेपर्यंत सगळं दाखवतो. टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये ओव्हरस्कॅन असेल तर चालू करा, ती झाकली जाईल.

चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकतोय, म्हणजे माणसांची डोकी झेंड्यासारखी फडफडतायत, तर टेप ताणली गेलीये किंवा मशीनचा ताण चुकलाय. जुने टीव्ही हे सांभाळून घ्यायचे, नव्यांना जमत नाही. अशा वेळी कोणाकडे जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल तर त्यावर लावून बघा, मी दोनदा असं करून कॅसेट वाचवली आहे, म्हणजे निदान ती ठीक आहे एवढं कळलं.

रुंद गडद सावल्या हळूहळू वर सरकतायत आणि सोबत हम्म असा आवाज, तर तो अर्थिंगचा घोळ. केबल किंवा डिशची वायर टीव्हीतून काढून बघा, गेल्या तर कारण तेच. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा.

अमेरिकेची कॅसेट, भारताचं मशीन

हे मराठी घरांत फार भेटतं, काकांनी न्यू जर्सीहून पाठवलेली बारशाची कॅसेट इथे नीट चालत नाही आणि इथून गेलेली लग्नाची तिथे. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झालं ते पॅल पद्धतीवर, ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिका आणि जपान एनटीएससीवर, ५२५ रेघा आणि जवळपास ३०. टेप पळण्याचा वेगही वेगळा, आपल्याकडे सेकंदाला २३ मिलिमीटरच्या आसपास, तिकडे ३३ च्या. म्हणून अमेरिकेची कॅसेट फक्त पॅल चालवणाऱ्या मशीनमध्ये घातली की आवाज जाड आणि संथ येतो आणि चित्रात पट्टेच पट्टे, आणि उलट केलं तर सगळे चिरक्या आवाजात भराभर बोलतात. हे ऐकू आलं की साफसफाई, ट्रॅकिंग काही करू नका, पद्धत वेगळी आहे. कॅसेटवर टी-१२० लिहिलं असेल तर ती बहुधा तिकडची, ई-१८० असेल तर आपल्याकडची, पण कोरी कॅसेट कुठेही भरता येते म्हणून हा फक्त अंदाज.

तुमच्या मशीनवर "एनटीएससी प्लेबॅक" असं छापलेलं असेल तर ते चालेल. मग टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टम ऑटोवर ठेवा, ती पॅलवर अडकलेली असेल तर चित्र काळंपांढरं होतं किंवा खालून वर पळत राहतं. काही स्वस्त एचडीएमआय डब्यांना हा अर्धा एनटीएससी, अर्धा पॅल असा मिश्र सिग्नल कळत नाही, तेव्हा डबा काढून टीव्हीच्या एव्हीतच लावून बघा.

हेड साफ करायचं कसं

प्लग काढा, कॅसेट बाहेर असल्याची खात्री करा, वरचं झाकण काढा. जिथे वीज येते त्या बाजूला, मोठ्या कपॅसिटरांजवळ हात नेऊ नका, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो. ड्रम लगेच ओळखू येतो, थोडा तिरपा बसवलेला चांदीसारखा दंडगोल. साध्या पांढऱ्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी कापा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ओली करा, थेंब गळेल इतकी नको. ती पट्टी ड्रमच्या बाजूला सपाट धरून ठेवायची, हलवायची नाही, आणि दुसऱ्या हाताने ड्रमचा माथा धरून तो सावकाश फिरवायचा, पाचसहा फेऱ्या. पट्टी वरखाली अजिबात घासू नका, हेड तुटतं आणि मग मशीन संपलं. कानातले कापसाचे बड तिथे वापरू नका, त्याचे धागे हेडला अडकतात. बाजूचं स्थिर हेड आणि रबरी चाक यांना मात्र बड चालतो.

पट्टी बाजूला घेतली की तिच्यावर पेन्सिलीने ओढल्यासारखी करडी रेघ उमटलेली दिसते, दुसऱ्या पट्टीवर फिकी, तिसरीवर जवळपास नाही, तेव्हा थांबा. अर्धा तास वाळू द्या. मग परत टाकाऊ कॅसेट, दहा मिनिटं चालवा, बाहेर काढून टेपवर नवीन चरा किंवा सुरकुती पडली नाहीये ना बघा, आणि तेव्हा कुठे लग्नाची.

चित्र आलं की टीव्हीचा आकार ४:३ वर करा, नाहीतर सगळे नातेवाईक आडवे फुगलेले दिसतात. आणि त्याच दिवशी ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, पुढच्या सुट्टीत बघू म्हणू नका, नवे व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाईनेही २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे आता हेड गेलं तर दुसऱ्या जुन्या मशीनमधून काढूनच बसवावं लागतं. काम झालं की कॅसेट पूर्ण मागे करा, मशीनमध्ये ठेवू नका, खोक्यात घालून पुस्तकासारखी उभी ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या दोनचार पुड्या टाका, आणि पावसाळ्याआधी त्या बदला.